गर्दी घरचीच

कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त रेंगाळतात ती कंपनीचीच माणसं. सेल्सवाला फोनवर दर सांगायला दरांचं पान उघडतो आणि बोलणं आटोपलं तरी मिटत नाही. डिझायनर बटणाचा निळा नीट उतरला का, म्हणून पान रिफ्रेश करत बसतो. टेस्टर ‘अबकड’ नावाने चौकशीचे फॉर्म भरतो, आणि महिनाअखेरीस साहेबांना वाटतं, चौकश्या वाढल्या!

साइटवर किती जण आले ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये ही मंडळी मोजणीतून वगळायचं काम दोन ठिकाणी आहे, आणि बहुतेक जण पहिलं उरकूनच हात झटकतात. ॲडमिनमधून डेटा स्ट्रीम, तिथून टॅग सेटिंग्ज, आणि ‘डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक’मध्ये ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. याने माणसावर फक्त ‘इंटर्नल’ शिक्का बसतो. मोजला तो जातोच. खरी गाळणी ‘डेटा फिल्टर्स’मध्ये ‘टेस्टिंग’वर पडून असते. ती ‘ॲक्टिव्ह’ करायची, पण घाईने नव्हे. टेस्टिंगमध्ये ‘टेस्ट डेटा फिल्टर नेम’ हे डायमेन्शन (रिपोर्टमधला रकाना) लावून कोण गळतंय ते आधी बघावं, कारण ॲक्टिव्ह झाल्यावर गळलेलं परत मिळत नाही. आधीच मोजलेला कचरा मात्र जागच्या जागी राहतो. शिवाय फिल्टर लागायला २४ ते ३६ तास जाऊ शकतात. पाच मिनिटांत ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला चहाला पाठवावं.

आयपी विचारला की कोणीतरी हमखास १९२.१६८ने सुरू होणारा आकडा पाठवतो. तो राउटरच्या आतला. बाहेर कोणाला दिसत नाही. आयपीव्ही६, म्हणजे आयपीचा नवा लांबलचक प्रकार, तर वेगळाच छळ. प्रत्येक लॅपटॉपचा पत्ता निराळा, त्याचं शेपूटही बदलतं. म्हणून सहसा पत्त्यातले कोलनने तोडलेले पहिले चार गटच ‘बिगिन्स विथ’मध्ये द्यावेत.

घरून काम करणाऱ्यांचा आयपी आज एक, उद्या दुसरा. मोबाइल डेटाचा आयपी गाळायच्या फंदात तर पडूच नये. त्याच आयपीवर खरी गिऱ्हाइकंही असतात. घरून किंवा मोबाइलवरून काम करणाऱ्यांसाठी मला कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी खूण, बरी वाटते. एक गुप्त लिंक उघडली की कुकी बसते, आणि टॅग मॅनेजर (साइटवरचे मोजणीचे कोड सांभाळणारं गूगलचं साधन) ती पाहून ‘ट्रॅफिक टाइप’मध्ये ‘इंटर्नल’ पाठवतो. जावास्क्रिप्टने लावलेली कुकी सफारी ७ दिवसांत पुसतो, तेव्हा ती सर्व्हरवरूनच लावावी. इन्कॉग्निटोवाल्यांपुढे मात्र इलाज नाही, त्या खासगी खिडकीत कुकी टिकतच नाही.

फिल्टर सुरू झाला की भेटींचा आलेख घसरतो. त्या तारखेला आधीच टीप जोडून ठेवा, नाहीतर साइट बंद पडली की काय, हे बघायला सगळं ऑफिस एकदम साइट उघडतं.