बारा बोअर ऑटो आणि गावचा लेथवाला: फिरत्या मेसेजला उत्तर

मक्याला कणसं धरली आणि रानडुकरं रात्री वावरात उतरायला लागली, की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज नव्यानं फिरतो. त्याचा सारांश असा: आजोबांच्या काळातली सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, अडकायला लागली म्हणजे तिचा पार्ट गेला. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराकडे लुटून घ्यायला जाऊ नका. रॉकेलनं धुवा, घरातलं तेल भरपूर सोडा. पिन आणि स्प्रिंग गावच्या लेथवर करून घ्या, रबरी रिंग ठिबकच्या दुकानात मिळते, उरलेलं ओळखीनं वरणगाव फॅक्टरीतून किंवा ऑनलाइन परदेशातून मागवा. बंदूक तुमची, परवाना तुमचा, विचारणारं कोण? आणि न वापरलेल्या बंदुकीला काही होत नाही.

या मेसेजनं साफसफाई आणि दुरुस्ती एका पोत्यात भरली आहे. साफसफाई मालकानं स्वतः करायची असते. दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो, आणि तो बंदूक बाळगायच्या परवान्यात येत नाही. गंमत अशी की अडकणाऱ्या कितीतरी बंदुका पहिल्यावरच सुरळीत होतात, दुसरीची पाळीच येत नाही.

“अडकते म्हणजे पार्ट गेला”

जुनी ऑटो म्हटलं की दोन नावं समोर येतात. एक ब्राउनिंगची ऑटो-५. जॉन ब्राउनिंगची रचना, बेल्जियमच्या एफएन कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनलेली, रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी पेटीच्या, मागच्या टोकाला चौकोनी कुबड असलेली. दुसरी १९६३ साली बाजारात आलेली, गॅसवर चालणारी रेमिंग्टन ११००. दोघींची अडकण्याची कारणं वेगळी आहेत, पण मेसेजला तो फरक माहीत नाही.

ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा ठोकळा) एकत्र मागं सरकतात. तो धक्का मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या खालच्या नळीभोवतीची मोठी स्प्रिंग आणि काशाचं एक कडं मिळून खातात. शिवाय एक पोलादी रिंग असते. साध्या बारा बोअर मॉडेलात जड काडतूस वापरायचं असेल तर ही रिंग स्प्रिंग आणि कड्याच्या मध्ये बसते. हलक्या काडतुसासाठी ती काढून स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला, रिसीव्हरला टेकवून ठेवतात. मांडणी जड आणि काडतूस हलकं असेल, तर नळी पुरेशी मागं येत नाही आणि टरफल अर्ध्यात अडकतं. उलटं झालं तर बंदूक चालते झकास, पण दर बाराला नळी मागं आपटते आणि एक दिवस पुढच्या लाकडाला उभी चीर जाते. तीन पिढ्यांच्या हातात फिरलेल्या बंदुकीत ही रिंग कुठे बसवायची हे सांगणारा माणूसच घरात उरलेला नसतो. मग अडकली की “स्प्रिंग गेली” असं ठरवून टाकतात.

रेमिंग्टन ११०० चं दुखणं वेगळं. तिच्या नळीच्या पोटाशी बारीक भोकं असतात, त्यातून थोडा गॅस पिस्टनवर येतो. भोकं काजळीनं बुजली की गॅस कमी पडतो आणि बंदूक कुंथायला लागते. इथेही तुटलेलं काही नाही.

काडतुसाकडे तर कुणी बघतच नाही. जुनी कागदी काडतुसं दोन पावसाळे कोठीत राहिली की ओल धरून फुगतात. दुनळीत ती अंगठ्यानं दाबून बसवता येतात, ऑटोत बोल्ट अर्ध्यावर थांबतो. आणि लांबीचा घोळ याहून वाईट. ७० मिमी काडतूस म्हणजे उडाल्यावर तोंड उघडून होणारी लांबी. न उडालेलं काडतूस त्याहून आखूड असतं, म्हणून ते ६५ मिमीच्या जुन्या चेंबरमध्येही (नळीतली काडतूस बसायची जागा) निमूट बसतं. बसलं म्हणजे चालतं असं नाही. तोंड उघडायला जागा नसली की दाब भलताच वाढतो. नळीवर आणि खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. दोन्ही जुळवून पाहा, चाळिशी लावून पाहा.

“रॉकेलनं धुवा, घरचं तेल भरपूर सोडा”

रॉकेलबद्दल माझी तक्रार नाही. काजळी सुटते, स्वस्त आहे. पण ते जुनं तेलही धुऊन नेतं आणि पोलाद उघडं पडतं. धुऊन तसंच ठेवलं तर श्रावणात तांबूस थर ठरलेला. पुसून, पूर्ण सुकवून हलक्या बंदुकीच्या तेलाचा हात फिरवला तरच धुण्याला अर्थ आहे.

घरचं तेल मात्र नको म्हणजे नको. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन चिकटतं; तेलाच्या डब्याच्या काठावर जमतो ना, तोच चिकटा बोल्टच्या खाचेत जमतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबरची रात्र त्याच्या कितीतरी खाली उतरते. डुकरं तर थंडी बघून थांबत नाहीत.

“भरपूर” हा शब्द तेलाइतकाच घातक आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा ओल्या तेलावर बसला की त्याचं पॉलिश पेपरचं काम सुरू होतं. ऑटो-५ च्या मॅगझीन नळीवर तेल ओतलं तर काशाचं कडं घसरतं, धक्का खायचा ते खात नाही. ११०० मध्ये त्याच जागी तेल जळून काजळी वाढते. आणि नळी वर करून बंदूक भिंतीला टेकवली की जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं. दस्त्याच्या आत ऑटो-५ ची आणखी एक स्प्रिंग असते. तिथला गंज आणि चिकटा मालकाला दिसतही नाही; तो कारागिरानंच खोलायचा.

एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. दुनळी उघडली की दोन्ही चेंबर डोळ्यांसमोर असतात. ऑटोत काडतुसं खालच्या नळीत दडलेली असतात. एक काढलं म्हणजे रिकामी झाली असं नसतं. हात लावण्यापूर्वी मॅगझीन आणि चेंबर, दोन्ही बोट घालून तपासायची, आणि काडतुसाचं खोकं दुसऱ्या खोलीत.

“पिन आणि स्प्रिंग गावच्या लेथवर”

आपले टर्नर हुशार आहेत, त्याबद्दल वाद नाही. मापाची पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडवणारी, ते घासून देतील. प्रश्न मापाच्या पुढचा आहे. पोलाद कोणतं, कडक करायला पाणी किती दिलं? मऊ राहिली तर टोक चपटं होऊन पिन भोकात अडकते. ऑटोत बोल्ट स्प्रिंगच्या जोरानं आपटत बंद होतो; त्या वेळी पिन पुढं अडकून राहिली असेल तर घोड्याला बोट न लावता बार उडू शकतो. दुनळीत वर्षानुवर्षं चाललेला जुगाड इथे का चालत नाही, त्याचं कारण हे.

आता कायदा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. कलम २ मधल्या व्याख्येत हत्याराचे भागही हत्यारच धरले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे ज्या टर्नरला तुम्ही “भाऊ, एवढं करून दे” म्हणता, त्याला तुम्ही थेट तिथे नेऊन बसवता. कुणी चोपड्यापलीकडच्या डोंगरातल्या कारागिराचं नाव सुचवलं तर त्यावर बोलायचीही गरज नाही. गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

“रिंग ठिबकच्या दुकानात मिळते”

हा मुद्दा अर्धा खरा आहे. ११०० च्या नळीजवळ गॅस अडवणारी रबरी रिंग असते, ती खरंच लवकर जाते आणि ती गेली की बंदूक अडखळते. पण तिला उष्णता आणि तेल दोन्ही सोसावं लागतं. पाण्यासाठी बनवलेली ईपीडीएम रबराची रिंग खनिज तेलात फुगते. मापानं बसली तरी थोड्या बारांत तिचा लगदा.

“वरणगावातून ओळखीनं”

वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ सालची, सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनवणारी. ब्राउनिंगचे सुटे भाग तिथे कुठून येणार? आणि फॅक्टरीच्या गेटातून ओळखीनं बाहेर आलेल्या वस्तूला चोरीचा माल म्हणतात.

“ऑनलाइन परदेशातून मागवा”

भाग हेच हत्यार असल्यामुळे त्याच्या आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. साइटनं पैसे घेतले, म्हणजे कस्टमनं सोडलं असं होत नाही. पार्सल अडकलं की पत्त्यावर नाव तुमचंच असतं.

“दुकानदार लुटतात”

इथे मात्र मेसेजमागची चीड खरी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. म्हणून जो पार्ट मिळतो तो बहुतेक वेळा मोडीत निघालेल्या दुसऱ्या बंदुकीतला, आणि त्याचा भाव दुकानदार म्हणेल तो. महिनोन्महिने थांबावं लागतं हेही खरं.

पण चुकीचा पार्ट विकत घेणं आपल्या हातानं टाळता येतं. रेमिंग्टनची जुनी मॉडेल ११ ही ब्राउनिंगच्याच पेटंटवर बनलेली, दिसायला सख्खी बहीण. तरी तिची नळी बेल्जियन ऑटो-५ ला तशीच बसत नाही. सत्तरच्या दशकात जपानच्या मिरोकू कारखान्यात बनायला गेलेल्या ऑटो-५ चेही काही भाग वेगळे. म्हणून “ब्राउनिंगची पिन द्या” एवढं फोनवर सांगू नका. बनावट, सिरियल नंबर, नळीवरचे शिक्के, चेंबरची लांबी कागदावर लिहा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात घेऊन जा. स्वतः जाणं जमत नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: तुमच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. मुलाला पाठवायचं तर ती चिठ्ठी आणि मूळ परवाना बरोबर द्या. परतताना नंबर लिहिलेली पावती घ्या.

“न वापरलेल्या बंदुकीला काही होत नाही”

मेसेजची ही शेवटची ओळ, आणि निवडणुकांच्या दिवसांत ती हमखास खोटी ठरते. बंदूक जमा करायचा आदेश आला की ती पोलीस ठाण्याच्या कोठडीत इतर लोखंडाबरोबर पडून राहते, आणि परत मिळते तेव्हा कधी कधी बोल्ट हलत नसतो. जमा करण्याआधी नळी आतून-बाहेरून तेलाच्या फडक्यानं पुसा, कापडी किंवा चामडी म्यान काढून ठेवा, कारण ते ओल धरतं. आदेशात परवानगी असेल तर ठाण्याऐवजी परवानाधारक दुकानात जमा करा. भाडं पडतं, पण रॅकवर उभी राहते.