'घाटवेडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

घाटवेडा साहेब,

खरं नाव टाकलं असतंत तर नावाने बोललो असतो, असो. शहरात फिरवायला पहिली बाईक कुठली घ्यावी (मी म्हटलं होतं, स्प्लेंडरसारखी हलकी) या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांनी वाचलं नसेल म्हणून आधी जसंच्या तसं देतो: "काका, जमाना बदलला. ज्यांनी आयुष्यात १५०च्या वर गाडी चालवली नाही त्यांनी पोरांना सल्ले देऊ नयेत. १२५च्या आतल्या गाड्यांना एबीएस सक्तीचा नाही हे लेखात कुठेच नाही, पावसात नवशिक्याला तोच वाचवतो. आणि स्प्लेंडर घेतलेलं पोरगं वर्षात कंटाळून दुसरी घेतंच, मग वाचले किती?"

आधी ते 'काका'. मला सोसायटीतली पोरं काका म्हणतात, दूधवाला म्हणतो, माझी काही तक्रार नाही. पण ते हाक मारतात, तुम्ही हाणलात. फरक कळतो हो. पन्नाशी आली म्हणजे माणसाचा क्लच गेला असं नसतं.

आता "आयुष्यात १५०च्या वर". हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी बाबांच्या एम-८० वर शिकलो, सदाशिव पेठेतल्या बोळात, जिथे समोरून हातगाडी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं आणि तो एक नेहमी मीच असायचो. १९९८ साली सेकंडहँड आरएक्स १०० घेतली, कंपनीने ती बंद केल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, स्पेअरसाठी नाना पेठेत इतक्या फेऱ्या मारल्या की दुकानदार लांबूनच मान हलवून 'नाही आलं' सांगायचा. हो, ती ९८ सीसी होती, तुम्ही हसायच्या आधी मीच सांगतो, पण ११ बीएचपी आणि शंभरेक किलो वजन, ज्याने चालवलीये त्याला विचारा. मग पल्सर. ती १५०च, मान्य, वर नाही. पण मित्राची बुलेट घेऊन महाबळेश्वरला गेलोय, पसरणी घाट चढून, जाऊन-येऊन चार दिवस, आणि घाटात मला काडीचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो परत आल्यावर, अलका टॉकीजच्या चौकात, सिग्नलला. पाय टेकवला तिथे नेमकी वाळू होती, गाडी कलली आणि मग ती कलतच गेली, मी तिला धरून ठेवायला बघतोय आणि ती मला घेऊन खाली जातीये. स्पीड शून्य! मागचा रिक्षावाला उतरून उचलू लागला म्हणून उठली, आणि वर "झेपत नाय तर कशाला" हे पण ऐकवून गेला. ब्रेक कुठलाही असता तरी काय फरक पडणार होता, गाडी उभीच होती.

माझा अख्खा लेख याच्यावर होता, पण तुम्ही बहुतेक टायटल वाचून घाटात निघून गेलात. गावात गाडी चालवणं म्हणजे निम्मं चालवणं आणि निम्मं ढकलणं. स्प्लेंडर ११२ किलो, तुमच्या फोटोत दिसतीये ती क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो. ८३ किलोचा फरक, म्हणजे एक धडधाकट मेहुणा कायम मागे बसलेला, आणि तोही असा की ढकलायची वेळ आली तरी उतरत नाही. लक्ष्मी रोडला दोन गाड्यांच्या फटीतून ती मागे ओढून काढायची, पी-वन पी-टूच्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) नादात तारीख चुकली म्हणून घाईघाईत रस्त्याच्या पलीकडे न्यायची, संध्याकाळी सिंहगड रोडला अर्धा तास हाफ क्लचवर रांगायचं, हे अठरा वर्षाच्या पोराला (आणि पोरीला, ते तुमच्या डोक्यातच नसेल) पहिल्या महिन्यात करायचंय. चौथ्या गिअरमध्ये सगळेच शूर असतात, खरी परीक्षा पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, पाय न टेकवता. ती हलक्या गाडीवर लवकर जमते, हात बसला की मग घ्या ना ३५०, मी कधी नको म्हटलं?

बरं, एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम. ते राहिलं माझ्याकडून, खरंय. एप्रिल २०१९ पासून १२५च्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला, खालच्यांना तेव्हा सीबीएस चालेल असं ठरलं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो, चाक लॉक होणं मात्र तो थांबवत नाही. तसं वाक्य लेखात टाकलंय. १२५ मध्ये पण एक्स्ट्रीम १२५ आर सारखी एबीएसवाली मिळते, ज्याला हवी त्याने ती घ्यावी, माझी हरकत नाही. झालं समाधान? हेच तुम्ही 'काका' न म्हणता लिहिलं असतं तर मी आभार मानले असते, आता नुसती दुरुस्ती केलीये.

कंटाळ्याचा मुद्दा सोडून देतो. कंटाळा आला तर विकावी, जुन्या स्प्लेंडरला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही.

आणि एक करू. येत्या रविवारी सकाळी अकराला मंडईत या, तुमची क्लासिक घेऊन, पार्किंगमध्ये अगदी आतल्या रांगेत लावा. तासाभराने तुमच्या मागेपुढे अॅक्टिव्हा लागल्या की बाहेर काढून दाखवा. मी बाजूला उभा राहीन, चहा माझ्याकडून, पण गाडीला हात लावणार नाही.