लाल शाईतली मुलाखत

मी घेतलेली एक मुलाखत परवा तपासून परत मिळाली. लाल शाईने.

गुणात्मक संशोधनात, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर चालणाऱ्या संशोधनात, ही एक पायरी असते. ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाच टाइप केलेला मजकूर दाखवायचा आणि 'तुमचं म्हणणं नीट आलंय ना?' असं नम्रपणे विचारायचं. लिंकन आणि गुबा या संशोधक जोडीने १९८५ साली विश्वासार्हतेसाठी हा उपाय फार महत्त्वाचा ठरवला. त्यांच्या वाट्याला निवृत्त मुख्याध्यापक आले नसावेत.

"अगं, हे काय लिहिलंयस?" सरांनी कागद माझ्यापुढे सरकवले. "पान दोन. 'म्हणजे... हं... म्हणजे तसं नाही...' मी असा बोलतो?"

"सर, बोलताना सगळेच असं बोलतात. ते 'हं'सुद्धा डेटा असतो."

"'हं' डेटा? पस्तीस वर्षं मी पोरांच्या तोंडचे 'हं' काढले, आणि तू ते टाइप करत बसलीस?"

बसले होते खरी. ५० मिनिटांच्या रेकॉर्डिंगला पाच तास. सर्वेक्षणवाल्या मैत्रिणी बटण दाबून तक्ते काढतात आणि वर मलाच म्हणतात, "तुझं बरंय बाई, नुसत्या गप्पा मारायच्या!" एकदा बसा म्हणावं हेडफोन लावून, तोच एक शब्द अकरा वेळा मागे नेऊन ऐकत. असो.

खरा घाव पान चारवर होता. सर म्हणाले होते, "साडेनऊ वाजले की पाय आपोआप दाराकडे जातात. मग आठवतं." माझी अख्खी तिसरी थीम, म्हणजे मुलाखतीतून काढलेलं सूत्र, या दोन वाक्यांवर उभी. आणि नेमकी तीच दोन खोडलेली, पट्टी लावून.

"सर, हे का काढलंत?"

"मी असं म्हणालोच नाही."

"रेकॉर्डिंग आहे, सर."

"मग रेकॉर्डिंग चुकलं असेल." जरा थांबून, खालच्या आवाजात, "ते लिहिण्यासारखं नाही गं."

'सहभागी व्यक्ती कोणताही भाग कधीही मागे घेऊ शकते' हे कलम संमतिपत्रात मीच घातलं होतं. सरांना कौतुकाने वाचूनही दाखवलं होतं.

बदल्यात त्यांनी दोन पानं स्वहस्ते लिहून दिली आहेत, समास सोडून. 'निवृत्ती हा जीवनाचा सुवर्णकाळ होय.' यातून थीम काय काढू, कपाळ? गाइड म्हणतात, "हा बदलही डेटाच आहे, मेमो लिही." मेमो म्हणजे विश्लेषण करताना स्वतःसाठी लिहायचं टिपण. त्यांना काय, सगळाच डेटा! थीम काढण्याच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क २००६ मध्येच सांगून गेल्या की थीम आपोआप उगवत नाहीत, संशोधकाला त्या घडवाव्या लागतात. घडवते की मी. घडवलेली कुणी पट्टी लावून खोडू नये, एवढंच.

शेवटच्या पानावर शेरा आहे: 'प्रश्नकर्तीने मध्येमध्ये बोलू नये.' घरी येऊन रागारागाने पान तीनवरच्या ओळी मोजल्या. सरांच्या नऊ, माझ्या चौदा.