‘हक्क ही विलायती कल्पना’: एका फॉरवर्डची मुद्देसूद झडती

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरत असतो. प्रजासत्ताक दिन जवळ आला की त्याला पुन्हा पालवी फुटते. सारांश असा: युरोपातल्या चार-पाच तत्त्वज्ञांनी विवेक आणि हक्क यांवर पुस्तकं लिहिली, ती वाचून लोक उठले आणि सिंहासनं उलथली. या तत्त्वज्ञांनी सर्व माणसं समान मानली. इंग्रजांनी मेकॉलेच्या शिक्षणातून तेच विचार इथे पेरले. फुले-आगरकरांनी त्यांची री ओढली, घटनाकारांनी उचल केली. तात्पर्य, हक्कांची भाषा परकी. आपली परंपरा कर्तव्याची.

नावं खरी आहेत, काही सनावळ्याही खऱ्या आहेत. पण एकातून दुसरं घडलं असं जे सांगितलंय, ते जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकलंय.

‘पुस्तकं आली आणि राजे गेले’

इंग्लंडचा दुसरा जेम्स डिसेंबर १६८८ मध्ये देश सोडून पळाला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे शासनसंस्थेवरचे दोन निबंध छापून बाहेर आले १६८९ च्या उत्तरार्धात, वर १६९० साल टाकून, आणि तेही निनावी. मजकूर बराचसा आधी लिहून ठेवलेला होता, पण राजा गेला तेव्हा तो लोकांच्या हातात नव्हता. झाल्या गोष्टीला पुस्तकाने मागाहून युक्तिवाद पुरवला.

विचारातून हक्क तयार व्हायला आणखी काही लागतं. हक्क कुणाचा, कुणाविरुद्ध, मोडला तर दाद कुठे मागायची आणि खर्च कुणी द्यायचा, हे ठरावं लागतं. हा हिशेब मांडणारा माणूस म्हणजे थॉमस पेन. ‘राइट्स ऑफ मॅन’चा दुसरा भाग (१७९२) उघडला की शेवटाकडे आकडेमोडच दिसते. गरीब कुटुंबातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी वर्षाला ४ पौंड, आणि ते मूल शाळेत घालायची अट. पन्नाशीनंतर वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १०. बाळंतपणाला २० शिलिंग. हे दान नसून हक्क आहे, असं तो बजावून सांगतो, कारण या लोकांनी आयुष्यभर कर भरलेला असतो. इंग्लंडच्या सरकारने त्याच वर्षी त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून त्याला राजद्रोही लेखनाबद्दल दोषी ठरवलं. ‘विलायती’ कल्पनांचं विलायतेत झालेलं हे स्वागत फॉरवर्डमध्ये नाही.

‘त्यांनी सर्व माणसं समान मानली’

नाही मानली. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे होते. रूसोच्या मते मुलींचं शिक्षण पुरुषाच्या सोयीने ठरायचं. फ्रान्सचा १७८९ चा हक्कांचा जाहीरनामा १७ कलमांचा, पण मत कुणाला? पंचवीस वर्षांवरच्या, निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषाला. घरगडी असेल तर त्यालाही नाही. ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा प्रतिजाहीरनामा लिहिला; १७९३ मध्ये तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. हैती या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ पासून लढून फ्रान्सला १७९४ मध्ये गुलामी रद्द करायला लावली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला.

जॉन स्टुअर्ट मिल तर आपल्या ओळखीचा. १८२३ ते १८५८ तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने स्पष्ट लिहिलंय की हे स्वातंत्र्य ‘रानटी’ समाजांसाठी नाही. त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालते. त्या समाजांत आपण होतो.

म्हणजे कागदावरचा ‘माणूस’ फार थोड्यांपुरता होता. त्याची व्याप्ती वाढवली ती वगळलेल्यांनी. म्हणूनच ‘नक्कल’ हा शब्द पुढच्या मुद्द्यांत कुठेच बसत नाही.

‘इंग्रजांनी हक्क आणले’

आधी मेकॉले. त्याच्या नावाने एक उतारा फिरतो: मी भारतभर हिंडलो, एकही भिकारी की चोर दिसला नाही, वगैरे. खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५ आणि ‘ब्रिटिश संसदेतलं भाषण’. त्या दिवशी मेकॉले भारतात होता. १८३४ मध्ये आला तो १८३८ मध्ये परत गेला. त्या तारखेचं खरं टिपण वेगळं आहे. १८१३ च्या सनदेने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाचे एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, हा त्याचा विषय. भारतीय विद्येबद्दलची तुच्छता त्यात ठासून भरली आहे. हक्क मात्र कुणालाच दिलेले नाहीत. सगळ्यांना शिकवणं परवडणार नाही, म्हणून राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधला एक वर्ग तयार करावा, एवढाच मनसुबा.

त्या धोरणावर नेमकं बोट ठेवलं पुण्यातून. १८८२ मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले म्हणतात की सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून शिकतात वरचे वर्ग. त्यांची मागणी होती की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. सरकारी मतांच्या जोरावर ते पुढच्या वर्षी पडलं.

आता कोर्टं. मुंबई इलाख्यात ग्रामजोशी, म्हणजे गावचा भटजी, वतनदार असे. यजमानाने त्याला न बोलावता दुसऱ्याकडून किंवा पुरोहिताशिवायच लग्न लावलं, तरी तो दक्षिणेचा दावा लावू शके आणि कोर्टं तो मान्यही करत. इंग्रज न्यायाधीशाच्या नजरेत ती मालमत्ता होती. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीविना लग्नं लागू लागली, तेव्हा सत्यशोधकांपुढे धर्मशास्त्राइतकीच ही दिवाणी दाव्याची भीती होती. न केलेल्या कामाची दक्षिणा मागण्याचा मार्ग बंद झाला तो १९२६ च्या कायद्याने, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनी.

लहानपणी लग्न झालेल्या आणि नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला याहून बोलका. नवऱ्याने १८८४ मध्ये वैवाहिक संबंध प्रस्थापित करण्यासाठी लावलेला दावा मुळात इंग्लंडच्या चर्च-न्यायालयातून आलेला प्रकार. त्याच वर्षी इंग्लंडने अशा दाव्यात हुकूम न पाळल्याबद्दलची कैद बंद केली. इथे मात्र १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगितलं गेलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे, फक्त कैद गेली. परकी वस्तू शोधायचीच असेल तर ती ही.

‘फुले-आगरकर नकलाकार’

फुल्यांनी १८४७ च्या सुमारास पेन वाचला, हे खरं. पण ते शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि बायबलवर सडकून टीका करणारा पेन मिशनऱ्यांना डोळ्यासमोर नको असे. तो कुणी लादलेला नव्हता, शोधून वाचलेला होता. पेनचा रोख राजा आणि सरदारांवर. फुल्यांनी तो वळवला भट, कुळकर्णी आणि कचेरीतला कारकून यांच्याकडे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा आणि १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला, या दोन्हींचा नमुना कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नव्हता. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, यातच कळतं की ते स्वतःला कुणाच्या रांगेत बसवत होते.

आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले होते. पण १८८८ पासूनचा ‘सुधारक’ वाचा. विषय संमतिवय (शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय), केशवपन, सोवळं. याबद्दल पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. नक्कल करणाऱ्याची कुणी इतकी दखल घेत नाही.

‘घटना म्हणजे उचल’

यातला खरा भाग आधी मान्य करू: प्रशासनाचा मोठा तपशील इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला आहे. हा आरोप तेव्हाही झाला होता आणि बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उत्तर दिलं की घटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडेच नसतं.

पण कलम १७, अस्पृश्यतेचं उच्चाटन, कुठून उचललं? कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही यादी कुठल्या जाहीरनाम्यात आहे? ती महाडहून आली आहे. क्रम बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो स्वीकारला. तीन वर्षं कुणी पाणी भरू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं आणि मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १७ मार्च १९३७ ला.

बाबासाहेबांची बाजू जिंकली कशावर? समतेवर नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. पुरावा जरा बरा असता तर निकाल उलटा लागला असता. ठराव होता, पण मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. कोर्ट होतं, पण त्यापुढे समतेचा हक्क नव्हता. कलम १५(२) आणि १७ ही दोन्ही भगदाडं बुजवतात, आणि नुसत्या सरकारविरुद्ध नाही, दुकानदार नि शेजाऱ्याविरुद्धही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी त्या परिषदेची १७८९ च्या फ्रेंच सभेशी तुलना केली होती ती वाचून-समजून. फ्रान्समधल्या स्त्रियांना मताधिकार १९४४ मध्ये मिळाला, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकांत १९७१ मध्ये. इथे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून सगळ्यांना. कुणी कुणाची उचल करायची?

‘आपली परंपरा कर्तव्याची’

ज्या मूलभूत कर्तव्यांची यादी फॉरवर्डच्या शेवटी जोडलेली असते, ती कलम ५१-क मधली. मूळ घटनेत ती नव्हती. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली, तेव्हा दहा कर्तव्यं होती. अकरावं २००२ मध्ये जोडलं: सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं कर्तव्य. त्याच ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-क आणून शिक्षण हा मुलाचा हक्क केला. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून तुलना सोपी आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १२(१)(सी) खाली खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. पालक ऑनलाइन अर्ज करतात, सोडत निघते, मग पडताळणी समिती कागद तपासते. दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं; वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, त्या गटात असल्याचा, बहुधा जातीचा, दाखला लागतो. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं अडतं ते नोंदणीकृत भाडेकरारावर, किंवा अर्जातल्या नकाशावर दाखवलेलं घर आणि पुराव्यातला पत्ता जुळत नाही यावर. शाळांची कुरबुर वेगळी, या मुलांच्या फीची सरकारकडून येणारी प्रतिपूर्ती थकते ही. या सगळ्यात पालक आपलं कर्तव्य पुरेपूर बजावत असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. दाट वस्तीच्या शहरात याचा अर्थ बहुतेक खासगी शाळा सुटल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. याचिकांचा आधार होता कलम २१-क आणि आरटीईचं १२(१)(सी). कलम ५१-क घेऊन कोर्टात गेलं असतं तर ही सोडत पुन्हा सुरू झाली नसती.