मार्क कमी पडलं व्हय?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की तेच! भाचा ७८ टक्के मिळवून म्हणतोय, आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे पार्ट घडवायच्या कोर्सचा, फॉर्म भरतो. तर पाहुणे लगेच, "का रं, मार्क कमी पडलं व्हय?" अहो, नाही पडले! या पोरानं दिवाळीत बंद पडलेली कडबाकुट्टी एकट्यानं खोलून, बेअरिंग बदलून चालू केलीय. आपल्या कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्र्या, उद्यमनगरातली लेथ ज्या हातांवर चालतात, त्यांनाच कमी लेखायचं आणि पोराला अकरावी सायन्सला कोंबायचं? आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड झाला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कुणाला ठाऊक नसतं. क्लासची फी मात्र तोंडपाठ! काल सगळे बोलत होते आणि तो मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवत बसला होता. लई जिवाला लागलं.