बंद पडलेलं हृदय शॉकने सुरू होत नाही

‘हृदय बंद पडलं की डिफिब्रिलेटरचा शॉक देऊन ते पुन्हा सुरू करतात. हे यंत्र फक्त डॉक्टरांनीच हाताळावं, चुकीच्या माणसाला शॉक बसला तर तो जिवानिशी जाईल. यंत्र जवळ असेल तर छाती दाबण्यात वेळ घालवू नये. पेसमेकर बसवलेल्यांना याची चिंताच नाही, त्यांचं यंत्र शरीरातच असतं.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. मजकूर मात्र घातक आहे.

पहिलं वाक्य तर अगदी उलटं आहे. माणूस अचानक कोसळतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या हृदयातली वीज संपलेली नसते, बेताल झालेली असते. जवनिकांचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, स्नायू एका ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी जागच्या जागी थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. शॉक ही थरथर थांबवतो. गोंगाट करणाऱ्या वर्गात टेबलावर डस्टर आपटावं, तसं. क्षणभर सगळे स्नायू एकदम गप्प होतात आणि उजव्या कर्णिकेतला, म्हणजे वरच्या कप्प्यातला, ठेका देणारा नैसर्गिक पेशीपुंज (सायनस नोड) पुन्हा ताबा घेऊ शकतो. ईसीजीच्या पडद्यावरची रेघ, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, पूर्ण सपाट झाली असेल तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. तिथे शॉकचा उपयोग नाही. छाती दाबणं, अ‍ॅड्रिनलिन हे औषध आणि मूळ कारणाचा शोध हेच उपाय. सपाट रेघेवर शॉक देऊन नायकाला उठवणाऱ्या सिनेमांनी हा गैरसमज घरोघरी पोचवला.

खरं तर हे तत्त्व जुनं आहे. जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या शास्त्रज्ञांनी 1899 मध्येच कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं, की विजेचा धक्का फिब्रिलेशन सुरूही करतो आणि जोरदार धक्का ते थांबवतोही. 1947 मध्ये क्लॉड बेक या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेदरम्यान चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयावर शॉक देऊन त्याला वाचवलं. छाती न उघडता शॉक देणं हृदयतज्ज्ञ पॉल झोल यांनी साधलं, त्याला 1956 साल उजाडावं लागलं.

‘फक्त डॉक्टरांनीच’ हे रुग्णालयातल्या मॅन्युअल डिफिब्रिलेटरपुरतं बऱ्याच अंशी बरोबर. तिथे ईसीजी वाचून किती जूल (ऊर्जेचं एकक) द्यायचे हे प्रशिक्षित माणूस ठरवतो. आजच्या बायफेजिक यंत्रांत प्रवाह एकदा एका दिशेने, मग उलट वाहतो, त्यामुळे बहुधा 120 ते 200 जूल पुरतात. जुन्या मोनोफेजिक यंत्रांना 360 लागत. चुकीच्या वेळी बसलेला शॉक धडधडतं हृदय बिघडवू शकतो, हेही खरं. म्हणून नाडी लागत असताना ठोक्यांची लय सुधारायची असेल, तर शॉक ठोक्याशी जुळवून देतात.

पण विमानतळांवर, स्थानकांवर भिंतीला टांगलेली एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, नेमकी सामान्य माणसासाठीच केलेली आहे. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पुढचं यंत्र बोलून सांगतं. लय ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर बटण दाबूनही शॉक जात नाही. पूर्ण स्वयंचलित प्रकारात तर बटणही दाबावं लागत नाही. आपण एवढंच पाहायचं: छाती ओली असेल तर पुसायची आणि शॉकच्या वेळी कुणी रुग्णाला हात लावलेला नसावा.

तिसरं वाक्य सर्वांत धोकादायक, कारण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस यंत्राची वाट पाहत उभा राहील. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा प्रथमोपचार, मिळालं नाही तर शॉकला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता अंदाजे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. एकाने छाती दाबायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रौढाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने यंत्र आणायला पळायचं. शॉकनंतरही थांबायचं नाही, लगेच पुन्हा दाबायला लागायचं.

राहिला पेसमेकर. तो मंदावलेल्या हृदयाला हलके विद्युत इशारे देतो. साधा पेसमेकर शॉक देत नाही. शॉक देणारं यंत्र वेगळं: आयसीडी, म्हणजे शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर. हृदयतज्ज्ञ मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतून आलेली पहिली आयसीडी 1980 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवली गेली. आजच्या नेहमीच्या आयसीडीची तार हृदयात जाते आणि बऱ्याच आयसीडी आधी जलद पेसिंगने, म्हणजे भराभर दिलेल्या हलक्या विद्युत इशाऱ्यांनी, लय सावरून पाहतात, नाहीच जमलं तर शॉक देतात. दुसऱ्या एका प्रकारात तार हृदयात न घालता छातीच्या हाडालगत त्वचेखालून नेतात. धोका तात्पुरता असेल तर अंगात घालायचं डिफिब्रिलेटर-जाकीटही मिळतं.

तेव्हा पेसमेकर किंवा आयसीडी असलेला माणूस निपचित पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर त्यालाही सीपीआर आणि एईडी दोन्ही द्यायचं. फक्त कातडीखाली यंत्राचा उंचवटा दिसतो, त्याच्यावर पॅड चिकटवायचा नाही, थोडा बाजूला लावायचा.