दार बंद होत नाही हो!

रेडिओ उद्घोषकांवरच्या तुमच्या लेखातलं बाकी बरंच पटलं, पण ‘लाल दिवा लागला की घरच्या काळज्यांचं दार आपोआप बंद होतं’ हे वाक्य काही पचलं नाही. (लाल दिवा म्हणजे स्टुडिओतला माइक सुरू असल्याची खूण.) मी 11 वर्षं रेडिओवर नैमित्तिक, म्हणजे गरजेनुसार बोलावली जाणारी, उद्घोषक म्हणून सकाळच्या सभेत (सकाळच्या प्रसारणात) बसले. आई गेल्यावर आठवड्याने पहिली ड्यूटी लागली. दिनविशेष, हवामान, गाण्यांचे तपशील, सगळं रोजच्याच स्वरात वाचलं असा माझा समज. पहिलं गाणं लावून फेडर (माइकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला, तोच फोन वाजला. नेहमी फोन करणारे एक आजोबा होते. म्हणाले, “बाई, आज वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नाहीये तुम्हाला. घरी सगळं ठीक ना?” नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर खरंच, जवळजवळ प्रत्येक वाक्याची शेवटची दोन अक्षरं गिळलेली!

हसताना ओठ फाकतात, आवाजाची वाट किंचित आखूड होते आणि स्वर उजळतो. म्हणून तर नवख्यांना ‘हसून बोला’ सांगतात. मग उलटं कळणार नाही असं कसं? श्रोत्याला चेहरा दिसत नाही, त्यामुळे तो सगळं कानानेच बघतो.

प्रसारणात मध्येच शांतता पडण्याच्या धास्तीबद्दल मात्र लेखात झकास लिहिलंय. आमच्याकडे काही सेकंद आवाज गेला नाही की यंत्रणा आपोआप राखीव गाणी सुरू करायची. एकदा माइक बंद करून खोकत बसले आणि माझ्याच कार्यक्रमातून बाहेर फेकले गेले.